छापील प्रश्न

“डॉक्टरीणबाई, असं इचारशात ते जित्ता पोरेसनाच आकडा भेटी,” तोरणमाळचा घाट चढण्याआधीच शांतीबाईनं बजावलं होतं. “पहिले बसा. पानी प्या. मंग इचारा.” शांतीबाई दवाखान्यातली जुनी नर्स. तिला डोंगरातली बोली येत होती. डॉक्टर मीनाबाईनं हसून उडवून लावलं. “प्रश्न छापील आहे, शांतीबाई. घरोघर तोच विचारायचा. नाहीतर संशोधन कसलं?”

साल एकोणीसशे चौसष्ट. तिसऱ्या दिवशी बालमृत्यूंच्या पाहणीचा तक्ता भरत आला. मुलं किती झाली? आहेत किती? बेचाळीस घरांत दोन्ही आकडे सारखे. म्हणजे दगावलेलं एकही नाही. खाली तापीकाठची मुलं दवाखान्यात पोचून दगावली होती, म्हणून रजिस्टरात होती. एकोणतीस. अत्यवस्थ मुलांसाठी जिल्ह्याकडून चार खाटा, प्राणवायूची नळकांडी आणि एक जीप येणार होती. जिथं जास्त मुलं दगावतात, तिथं. मीनाबाईला हे सगळं घाटाच्या पायथ्याशी हवं होतं. तक्ता म्हणत होता, गरज नाही.

शेवटचं घर रमिलाबाईचं. झाली तीन, आहेत तीन. मीनाबाईनं लिहिलं आणि शेजारच्या झोळीत हात घातला. आत तिनं सोबत आणलेला स्वतःचा सात महिन्यांचा मुलगा झोपला होता. घडीघडी ती त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची. सासू हिणवायची, “एवढी शिकलीस, आणि पोराचा श्वास मोजत बसतेस!”

रमिलाबाई ते बोट बघत राहिली. मग काहीतरी बोलली.

“ती इचारस,” शांतीबाई म्हणाली, “तुमले किती पोरे व्हयनात?”

“एकच,” मीनाबाई चटकन म्हणाली.

शांतीबाईनं ते रमिलाबाईला सांगितलंच नाही. मीनाबाईचं पहिलं बाळंतपण शांतीबाईनंच केलं होतं. मुलगी. अकरा दिवस जगली.

मीनाबाईनं पेनाला टोपण लावलं. ती जमिनीवर नीट मांडी घालून बसली.

“दोन,” ती म्हणाली. “सांगा तिला. दोन.”

रमिलाबाई उठली. पाण्याचा तांब्या तिनं मीनाबाईपुढं ठेवला आणि बोटांवर नावं घेऊ लागली. तीनवर थांबली नाही.

जिल्ह्याला गेलेल्या तक्त्यावर सगळे आकडे खोडलेले होते. खाली मीनाबाईचा शेरा होता: ‘प्रश्न चुकला. वाचणाऱ्यानं एकदा रमिलाबाईकडं जाऊन यावं. आधी बसावं. पाणी प्यावं. मग विचारावं.’