बुधवारचा भोंगा

"सही नाही करणार मी," व्राणोवाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली.

ओताकार झ्बोरिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोंबड्या साफ करून गोठवणाऱ्या त्या कारखान्याचा तो संचालक. थंडी राखायला यंत्रघरात अमोनिया भरलेला, म्हणून बाहेरच्या सल्लागाराचा सुरक्षिततेचा दाखला लागायचा. जुन्या दाखल्याची मुदत आजच संपत होती. नवा मिळाला नाही तर उद्या सकाळी फाटकाला टाळं आणि त्रेचाळीस माणसं घरी. आणि ही बाई, जिला त्याने स्वतः बोलावून आणलं होतं, एका भोंग्यावर अडून बसली होती!

"वायू ओळखणारी यंत्रं ठीक, मुखवटे ठीक, दारं ठीक," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुमचा धोक्याचा भोंगा आणि गावातला बुधवारचा भोंगा एकाच सुरात वाजतात. माणसं जागची हलायची नाहीत."

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, दुपारी बारा वाजता, देशभर सगळे भोंगे वाजवून बघतात. त्या वेळी लोक जरा मोठ्याने बोलतात, एवढंच. आजही पहिलाच बुधवार होता.

"माझी माणसं काय बहिरी आहेत? त्यांना फरक कळतो."

"मग बघूच या. एक वाजता मी बटण दाबते. कुणाला सांगायचं नाही. सगळे बाहेर आले तर तिथल्या तिथे सही."

"दाबा की!" ओताकार म्हणाला. बाई यंत्रघराकडे वळल्या तसा तो तडक खानावळीत गेला आणि आचारीण बोझेनाच्या कानाला लागला. एक वाजता भोंगा वाजला की सगळ्यांनी पळत सुटायचं. पाच मिनिटांत ही बातमी प्रत्येक टेबलावर पोचली. मग तो निवांत जेवायला बसला. आज शेपूच्या आंबटगोड रश्शातले क्नेडलीक, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे होते, त्याच्या आवडीचे.

चार घास झाले असतील नसतील, तोच भोंगा वाजायला लागला. कुणी मानसुद्धा वर केली नाही. बोझेनाने आवाज चढवून विचारलं, "आणखी रस्सा कुणाला?" ओताकारने हात वर केला.

दार धाडकन उघडलं. गळ्यात मुखवटा अडकवलेल्या व्राणोवाबाई धापा टाकत आत आल्या. "अमोनिया सुटलाय! बाहेर व्हा, सगळे बाहेर!"

"अहो बाई, तुमचा खेळ एकचा ना?" बोझेना डाव हलवत म्हणाली. "हा बुधवारचा भोंगा आहे. दोन घास सुखाने खाऊ द्या की गरिबांना!"

खानावळ खो खो हसली. व्राणोवाबाईंनी हुज्जत घातली नाही. त्या सरळ ओताकारपाशी आल्या, त्याच्या काट्याखालची बशी उचलली आणि चालू पडल्या.

"अहो! माझं जेवण!" ओताकार त्यांच्यामागे धावला. साहेबांची बशी पळवली म्हटल्यावर ही गंमत कोण सोडणार? सगळी खानावळ हातातले काटे-चमचे घेऊन मागोमाग निघाली. बोझेनासुद्धा डाव घेऊन आली.

जमण्याची ठरलेली जागा डावीकडे होती, यंत्रघराच्या भिंतीशी. बाईंनी छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या निशाणाकडे एकदा पाहिलं आणि त्या उजवीकडे, फाटकाकडे वळल्या. "तिकडे नाही, इकडे!" ओताकार ओरडला. त्यांनी वळून पाहिलं नाही. चालता चालताच त्या अग्निशामक दलाशी फोनवर बोलत होत्या. आता यांनाही कामाला लावलं! काय ही हौस, असं त्याला वाटलं.

यंत्रघरातली दोन माणसं आधीच फाटकाबाहेर उभी होती. बाईंनी एकेकाला बोट लावून मोजलं. त्यांची बाही कोपरापर्यंत रश्शाने माखली होती. मोजणी संपल्यावर त्यांनी बशी ओताकारच्या हातात दिली.

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस!" ओताकारला आनंद लपवता येईना. "एकचा भोंगा वाजण्याआधीच आले की हो! चला, आता शब्दावरून मागे फिरू नका. सही करा."

व्राणोवाबाईंनी दाखल्याचा कागद काढला. "झ्बोरिलसाहेब, मी बटण दाबलेलं नाही."

"ठाऊक आहे. तो बुधवारचा भोंगा होता."

कारखान्याचा भोंगा एव्हाना थांबला होता. पोरं अजून बशीवरून एकमेकांना टाळ्या देत होती.

आणि गावातून, टाउन हॉलच्या छपरावरून, बाराचा भोंगा सुरू झाला.

हसणं थांबलं. सगळ्यांनी मागे पाहिलं. यंत्रघराच्या झडपांमधून पांढरा धूर निघत होता आणि वाऱ्याबरोबर खानावळीच्या उघड्या दारातून आत शिरत होता.

ओताकारने कागदावर आपला हात ठेवला.

"नको," तो म्हणाला. "सही करू नका."