टेकडीवरचे ठिपके

राजेश्वरी मॅडमनी नऊ वर्षांचे आलेख तीनदा उलटसुलट पाहिले, चष्मा काढला आणि विचारलं, "भागवत, इतकं नेमकं उत्तर आलं कसं?"

भागवतसरांना हा प्रश्न हवाच होता. पारनेर तालुक्यातली एक बोडकी टेकडी, तिच्यावर दुर्बीण, लेसर आणि पत्र्याची खोली. एवढ्या भांडवलावर ते आइन्स्टाइनचं म्हणणं तपासायला निघाले, तेव्हा पुण्याचे मित्र तोंडावर हसले होते. आता निवृत्तीला महिना उरला होता. प्रयोग तपासणाऱ्या समितीतर्फे आलेल्या मॅडमनी सही केली तर निष्कर्ष जगापुढे जाणार, नाही तर नऊ वर्षं पाण्यात.

म्हणणं तसं सोपं. घट्ट पिठल्यात पळी फिरवली की भोवतालचं पिठलंही थोडं फिरतं. तशी फिरती पृथ्वी भोवतालच्या अवकाशाला किंचित ओढत नेते आणि त्या ओढीनं उपग्रहाची कक्षा वर्षाला दोन-चार मीटर सरकते. आरसे जडवलेला एक गोळा वर फिरत असतो. टेकडीवरून त्याच्यावर लेसर सोडायचा आणि उजेड परतायला किती वेळ लागला ते मोजायचं. प्रत्येक मोजणीचा पडद्यावर ठिपका उमटतो. पण त्यांत भटक्या उजेडाचे खोटे ठिपकेही मिसळतात, ते हातानं निवडून काढावे लागतात.

खरी मेख इथेच होती. उत्तर काय यायला हवं हे ठाऊक असलेला माणूस नकळत सोयीचेच ठिपके ठेवतो. भल्याभल्यांचे प्रयोग असे बुडाले आहेत.

"म्हणून तर मी एकाही ठिपक्याला हात लावला नाही," भागवतसर म्हणाले.

ते काम त्यांनी पायथ्याच्या गावातल्या पुष्पावतीबाईंना दिलं होतं. बाई आठवी पास, आल्या होत्या झाडलोटीला. पण मटकीतले खडे टिपणारी त्यांची नजर सरांनी हेरली. आइन्स्टाइन कोण हे बाईंना माहीत नव्हतं, अपेक्षित आकडा सरांनी कधी सांगितला नव्हता. शनिवारी ते शेजारी बसून आठवड्याचं उत्तर तेवढं पाहायचे. अज्ञानाचं इतकं कौतुक त्या टेकडीवर आजवर कुणी केलं नसेल.

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. हीच तुमच्या प्रयोगाची सर्वांत भक्कम बाजू, म्हणाल्या, आणि त्यांनी पेन काढलं. भागवतसरांचा ऊर भरून आला. त्यांनी बाईंना आत बोलावलं.

कुठला ठिपका ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे सर सांगायचे का, असं मॅडमनी विचारलं.

"न्हाई. सरांनी कधी चकार शब्द काढला न्हाई."

मॅडमनी समाधानानं मान हलवली. सही करता करता त्यांनी सहज विचारलं, मग तुम्हाला कळायचं कसं?

"सुरवातीला लई चुकायचे मी," पुष्पावतीबाई लाजून म्हणाल्या. "मग शनिवारी सरांच्या तोंडाकडं बघायला लागले. सर खुशीत दिसले की समजायचं, निवड बराबर हाय. तोंड उतरलं, की तसले ठिपके फुडच्या आठवड्यात काढूनच टाकायचे. आता चार वर्सं झाली बघा, सर एकदाबी नाराज झाले न्हाईत."