कुशाबाईचं पथ्य

कोंडीरामाने कुशाबाईच्या हातातली भाकरी हिसकावून घेतली. भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा होता. त्याने ती दारातल्या कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्याने हुंगली आणि ते बाजूला झालं.

“आठ दिस मी घरी न्हाई, तर ह्ये धंदं?”

“अवं, जीभ मेली माजी गोड खाऊन. आता तोंडाला मुंग्या लागायच्या तेवढ्या ऱ्हायल्यात.”

“जीभ मरू दे. पाय जगला पायजे.”

कुशाबाईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, त्याला दोन महिने झाले होते. काटा निघाला, जखम राहिली. चऱ्होलीत अशा कामाला गवराबाई होती. खरूज, नायटा, गजकर्ण, सगळ्यावर तिच्याकडे पाला असे. जखमेवर ती दगडीपाल्याचा रस पिळायची आणि वर चोथा बांधायची. औषधापेक्षा पथ्य मोठं, असं ती म्हणे. मीठ, मिरची, आंबट बंद. माणूस गोडावर ठेवायचा. गावात कुऱ्हाडीचे घाव, विळ्याचे घाव असेच भरून आले होते.

कोंडीरामाने पथ्य अंगावर घेतलं. गुऱ्हाळावर जाऊन तो पिवळाधमक गूळ निवडून आणी. दोन्ही वेळा दूध, भात आणि वर गुळाचा खडा. कुशाबाईला अलीकडे फार तहान लागे. नुसतं पाणी बाधेल म्हणून तो तिला गुळाचं पाणी देई. तिला एकटीला अळणी खावं लागू नये म्हणून स्वतःही अळणीच खाई. शेजारची अंबुबाई हसायची. “कोंडीभावजी, तुमीच बाळंतीण दिसताय!”

मध्ये आठ दिवस तो पिंपरीला गेला. तिथे पेनिसिलीनच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, घमेली उचलायला माणसं हवी होती. परत आला तेव्हा त्याने आधी पट्टी सोडून पाहिली. जखम आटली होती. कडांना नव्या मांसाची लाली आली होती. तो तसाच गवराबाईकडे गेला आणि तिच्या पाया पडला. घरी येतो तर ही ठेचा खात बसलेली. आठही दिवस ती हेच खात होती, हे त्याला अंबुबाईकडून कळलं.

तो पुन्हा पिंपरीला गेला नाही. दर जेवणाला तिच्यासमोर बसू लागला. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत उठत नसे. कुशाबाई त्याच्या तोंडाकडे बघे आणि गिळे.

“तुमच्या आईनंबी तुमाला येवढा गूळ चारला नसंल,” ती म्हणायची.

“चारला असता तर मीबी गोड बोललो असतो,” तो म्हणायचा.

महिन्याभरात जखम खोल गेली. तिला वास येऊ लागला. मग करंगळी काळी पडली, पाठोपाठ शेजारचं बोट. गवराबाईने पाय मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला आणि आणलेला पाला तसाच पदरात बांधला.

“कोंडिबा, माजा पाला वरच्या जखमेला. हिचं दुखणं आतलं हाय. पिंपरीच्या डाक्टरला दाव.”

“पथ्यात कुटं चुकलं का, मावशी?”

“न्हाई रं. तुज्यावानी पथ्य मी कुनाचं बघितलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी त्याने बैलगाडीत पेंढा टाकला, त्यावर वाकळ घातली आणि कुशाबाईला पिंपरीला आणलं. डॉक्टर तरुण होता. त्याने पाय पाहिला, पण पहिल्यांदा लघवी मागितली. काचेच्या नळीत निळं औषध होतं. त्यात त्याने लघवीचे थेंब सोडले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल.

“साखर आहे,” डॉक्टर म्हणाला. “खूप आहे.”

कोंडीरामाला हसू आलं. “सायेब, आमच्या घरात साखर दिवाळीला येती.”

“घरातली नाही म्हणत मी. हिच्या रक्तात आहे, तीच लघवीत उतरली. हा रोग आहे. यात गोड म्हणजे विष. जखम भरत नाही, कुजते.”

कोंडीरामाचं हसू गेलं.

डॉक्टरने पट्टीतला चोथा चिमट्याने उचलून पाहिला. “पाल्याने काही बिघडलेलं नाही. पण वरून काहीही लावलं तरी आतून गोड जात असेल तर काय उपयोग? आजच पुण्याला न्या. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, तर बाई वाचेल. वेळेवर गोड बंद केलं असतं तर पाय राहिला असता.” त्याने कोंडीरामाकडे पाहिलं, मग कुशाबाईकडे. त्याचा आवाज चढला. “हिला गोड देत कोण होतं?”

कोंडीराम उठून उभा राहिला. त्याचे ओठ हलले. कुशाबाईने त्याच्या धोतराचा सोगा धरला आणि त्याला खाली बसवलं.

“कोन देतंय, डाक्टर? मीच चोरून गूळ खात हुते. ह्यास्नी ठावंबी न्हाई.”