दानाचा हात

"दान म्हणून दिलात ना हा हात? मग त्याला कामही द्या, साहेब," आपला पोलादी उजवा हात टेबलावर ठेवीत येवल्याच्या विणकर यमुनाबाई म्हणाल्या. कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून तो बसवून दिला होता. आता गावातले मागच बंद पडले होते.

"मावशी, काम तुमचाच हात करतोय की! तुमचं सगळं विणकाम त्यानं आम्हाला शिकवलं," अधिकाऱ्याने हसत कारखान्याचे दार उघडले.

आत मागांच्या रांगांवर तसलेच हात पैठण्या विणीत होते. त्यांना धड नव्हते. एका मागावर रेशमाचा धागा तुटला. यमुनाबाई नेहमी गाठ मारण्याआधी धागा ओठांनी ओला करीत. मागावरच्या त्या हातानेही तुटलेला धागा उचलला आणि जिथे तोंड असायला हवे, तिथे हवेत धरला.

यमुनाबाईंच्या जिभेवर रेशमाची चव आली.