गिरणी आणि ग्राफिक्स कार्ड

मुक्ता संगणकावर हलता धबधबा चितारायला बसली, की शेजारची गिरणी पेंगायला लागायची. तिचं ग्राफिक्स कार्ड एवढी वीज ओढायचं, की पीठ भरड निघून गावभरच्या भाकऱ्या थापताना फाटायच्या. शेवटी गिरणीवाले सोपानकाका दारात उभे राहिले.

"पोरी, एक तर तुझा धबधबा, नाहीतर गावाचं पीठ."

असल्या चित्रांवरच तिचं पोट होतं. तिनं कार्डाची विजेची मर्यादा निम्म्यावर आणली. शेजारी गिरणी घरघरली. धबधबा जरा हळू, पण पडतच राहिला. मग तिनं काम थांबवलं, तसे कार्डाचे पंखेही थांबले.

"गेलं का गं?"

"नाही काका. काम नसलं की ते जवळजवळ काही खातच नाही."

सोपानकाकांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, हात जोडले.

"उद्या आमच्या घरजावयाला घेऊन येतो," ते हळूच म्हणाले, "दर्शनाला."