नुरा कुस्ती

“माहा बाबा आला हाये,” उमाजी लटारूच्या कानाशी पुटपुटला.

दोघांची डोकी एकमेकांना भिडलेली, हात एकमेकांच्या मानेवर. पाहणाऱ्याला वाटावं, दोन रेडेच झुंजताहेत. अहेरीच्या बाजाराला लागून त्यांच्या फिरत्या कुस्ती-कंपनीनं कनात ठोकली होती. मधे सागवानाचा भुसा मिसळलेली भुसभुशीत माती आणि भोवती दाटीवाटीनं बसलेली माणसं. एका बाजूला झिंगू डफडं बडवत होता.

“कुठी?” लटारूनं ओठ न हलवता विचारलं.

“समोरच. पांढऱ्या दुपट्ट्यात. गावचे लोकं घेऊन आला.”

लटारूनं त्याला गरकन फिरवलं आणि फिरता फिरता पाहून घेतलं. म्हातारा पुढ्यातच बसला होता. जन्मभर तळ्यात जाळं ओढून काटकुळे झालेले पाय, गुडघ्यांवर आवळलेल्या मुठी. पोरगा जिकडे झुके तिकडे त्याची मानही झुकत होती.

“मंग?”

“मंग काही नाई. घरी मी सांगून ठेवलं हाये, का सारीकडं मीच जिंकतो. बल्लारशाले, वरोऱ्याले, पार नागपूरले.” उमाजी हसला की कण्हला, ते कळलं नाही. “तू आपलं काम कर. डफडं बदललं का मी पडतो.”

आधीच ठरवून खेळलेल्या कुस्तीला पहिलवान आपसांत नुरा म्हणतात. या कंपनीच्या सगळ्याच कुस्त्या नुरा होत्या. दर वेळी जो पडायचा त्याला हे लोक गादी म्हणत, आणि उमाजी कंपनीची गादी होता. झिंगूनं डफड्याची लय बदलली की गादीनं पाठ टेकायची. बाहेर कुणाला याचा पत्ता लागू द्यायचा नाही, अगदी आईबापालाही नाही. मातीला हात लावून तशी शपथ घेतलेली असे. म्हणून चारचौघांत लटारू आणि उमाजी एकमेकांशी बोलतसुद्धा नसत. वैरी होते ना ते! खरं तर लटारूला उमाजीनंच घडवलं होतं. लंगोट कसायला त्यानं शिकवलं, डाव त्यानं शिकवले, आणि सगळ्यांत आधी शिकवलं ते पडायला. हनुवटी छातीला लावायची, तळहात आधी टेकायचे, मग काही लागत नाही.

“अबे, कुस्ती खेळून राह्यले का गळ्यात गळा घालून झोपले?” गर्दीतून कुणी तरी ओरडलं.

“कशाचा चांद्याचा सिंह बे! शेळी हाये शेळी! उमाजीभाऊ, घाल ढाक!”

चांद्याचा सिंह म्हणजे लटारू. कंपनीच्या जाहिरातीवर तसं छापलेलं होतं. कनातीच्या दाराशी मालक उभा होता. सिंह एकदा पडला की त्याला पाहायला तिकीट काढून कोण येणार? लटारूला ते नीट ठाऊक होतं. त्यानं पुन्हा एकदा त्या पांढऱ्या दुपट्ट्याकडे पाहिलं.

“भाऊ,” तो म्हणाला, “घाल ढाक.”

“येडा झाला का?”

“घाल म्हणतो ना. आज मी पडतो.”

“मालक हाकलन तुले.”

“हाकलू दे. घाल लवकर.”

लटारूनं अंग ढिलं सोडलं आणि कंबर पुढे दिली. उमाजी क्षणभर थांबला. मग त्याचा हात लटारूच्या मानेत पडला, पाय आत शिरला, आणि लटारूला जाणवलं, की या माणसाच्या अंगात अजून केवढं बळ आहे! त्याचे पाय मातीवरून सुटले. उलटं झालेलं आभाळ दिसलं, उठून उभा राहिलेला म्हातारा दिसला. दोन्ही हात वर करून म्हातारा काही तरी ओरडत होता. आता नुसता एक झटका.

तेवढ्यात झिंगूनं लय बदलली. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रोजच्या वेळेला त्यानं रोजची लय धरली.

आणि उमाजीचं अंग वळलं. गेली कित्येक वर्षं, प्रत्येक बाजारात, त्या लयीवर ते जसं वळत आलं होतं तसंच वळलं. तो खाली गेला, लटारू वर आला. हनुवटी छातीला, तळहात आधी, आणि मग पाठ मातीत.

लोकांनी एकच हुर्यो केली.

लटारूच्या छातीखालून उमाजी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहत होता.

“डफडं वाजलं ना रे,” तो म्हणाला. एखाद्या लेकरानं म्हणावं तसं.

मालकानं येऊन लटारूला उठवलं आणि त्याचा हात उंच धरला. गावची माणसं माना खाली घालून निघाली. एकटा म्हातारा मात्र माणसं सारत पुढे आला. तो पोराकडे जाईल असं लटारूला वाटलं होतं. पण तो थेट लटारूपुढे येऊन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

“पहिलवान,” तो म्हणाला, “आज त्याची तब्येत बरी नसन. नाईतर तो हरत नाई जी. तुमी त्याले असातसा नोका समजू.”

खरं काय ते सांगायला लटारूनं तोंड उघडलं. आजूबाजूला माणसं ऐकत होती. मालकानं धरलेला हात अजून सोडला नव्हता.

लटारूनं दुसऱ्या हातानं मिशीला पीळ दिला आणि साऱ्या कनातीला ऐकू जाईल असं तो खदाखदा हसला.

मातीत पडल्या पडल्या उमाजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, शिकणाऱ्याचा डाव बरोबर बसला म्हणजे वस्ताद हलवतो तशी.