चाळीस वॉट जास्त

कॉम्प्युटरच्या दोन नव्या ग्राफिक्स कार्डांपैकी सरस कोणतं आणि वीज कमी खाणारं कोणतं, हे तो आठवडाभर मोजत बसला होता. साडेचारशे वॉट खाणाऱ्या कार्डाचंही त्याने आपल्या परीक्षणात तोंडभरून कौतुक लिहिलं. पण मीटर दरवेळी चाळीस वॉट जास्तच दाखवायचा. शेवटी मीटर लावलेल्या त्याच्या एक्स्टेंशनमधून निघालेली एक वायर दाराखालून वडिलांच्या खोलीत गेलेली दिसली. टोकाला त्यांचा टेबलफॅन!

“बाबा, आठवड्याची मेहनत पाण्यात घातलीत! पंख्यावाचून एवढं काय अडलं होतं?”

वडिलांनी घाईघाईने पंखा बंद केला. “चुकलं रे. तुझं मशीन लागलं की दाराखालून झळ येते, म्हणून...”

तो मान खाली घालून जागेवर परतला.



स्क्रीनवर परीक्षणातल्या ‘उष्णता’ या रकान्यात त्याचंच वाक्य होतं : ‘घरात कुणाला जाणवतसुद्धा नाही.’